पंचनाम्यात लेकरं कुठं आहेत?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा जवळ आला की तालुक्याला मीटिंगा होतात, बोटी, दोर, लाईफ जॅकेट सगळं मोजलं जातं. पूर आलाच तर नंतर घरं, ढोरं, कपाशी, केळी यांचा पंचनामा होतो आणि तो व्हायलाच पाहिजे. पण घाबरलेल्या लहान लेकराची नोंद कुठल्याच कागदावर नसते, म्हणून हे पत्र.

31 ऑगस्ट 2021 ला चाळीसगावला तितूर आणि डोंगरी नदीला पूर आला, घरात पाणी घुसलं, जनावरं वाहून गेली. त्यानंतर कितीतरी महिने आमच्या अंगणवाडीत एक चार वर्षांची पोरगी आभाळ भरून आलं की सगळी खेळणी एकेक करून खिडकीत चढवून ठेवायची, आणि कोणी खाली काढली की रडून रडून लाल व्हायची. घरी परत अंथरूण ओलं करायला लागली, जे आधी बंद झालं होतं. आईने दोन फटके दिले, आजीने दृष्ट काढली. दृष्ट काढायला माझी हरकत नाही, तेवढा वेळ लेकरू जवळ तरी घेतलं जातं. पण फटके कशाला? लेकरू मुद्दाम करत नाही हो. त्याला "मला भीती वाटते" असं सांगता येत नाही, मग ते पोटदुखीतून, रात्री दचकून उठण्यातून, आईचा पदर न सोडण्यातून, तोच तोच खेळ खेळण्यातून बाहेर येतं.

आणि ती आई तरी कुठं झोपत होती! लहान लेकरू आईबापाच्या चेहऱ्याकडे बघूनच ठरवतं की आता सगळं ठीक आहे का नाही, म्हणून आईला आधार दिल्याशिवाय लेकराचं काही होत नाही, हे मला अगदी मनापासून सांगायचंय.

शेतकरी आत्महत्या झालेल्या घरात तर फार वाईट वाटतं. "बाबा गावाला गेलेत" असं सांगतात आणि ते पोरगं एसटी आली की फाट्याकडे पळतं. खरं सांगावं, साध्या शब्दात, जवळ घेऊन. जेवणाची, झोपायची वेळ शक्यतो तीच ठेवावी, सारखं कोणाकोणाकडे ठेवू नये.

बरीचशी लेकरं काही आठवड्यात सावरतात, पण महिना उलटून गेला तरी तसंच असेल तर डॉक्टरला दाखवाच. मोठा झाला की विसरेल म्हणून सोडून देऊ नका. 1998 मध्ये अमेरिकेत साडेनऊ हजार मोठ्या माणसांचा अभ्यास छापून आला, त्यात लहानपणी जास्त सोसलेल्यांमध्ये पुढं नैराश्य, व्यसन, हृदयविकार जास्त दिसले.

माझी मागणी मोठी नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतेच, वजन, दात, डोळे बघते. पूर, आग, अपघात किंवा घरातला मृत्यू झालेल्या ठिकाणी त्यांनी झोप, भीती, अंथरूण याबद्दल चार प्रश्न विचारावेत, आईची पण चौकशी करावी. आम्हा सेविकांना आणि आशाताईंना याचं एक दिवसाचं तरी ट्रेनिंग द्यावं. आणि टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, 14416 हा फुकट नंबर, जो चोवीस तास चालू असतो, तो जळगाव, धुळे, नंदुरबारच्या प्रत्येक अंगणवाडीच्या भिंतीवर ऑइलपेंटने मोठ्ठा लिहून टाकावा, पावसाळ्याच्या आधी.

आपली,
एक अंगणवाडी सेविका, ता. चाळीसगाव, जि. जळगाव