चौक हलवणारा माणूस

नाशुआ, न्यू हॅम्पशायर
9 फेब्रुवारी

प्रिय बंडू,

फोनवर तू विचारलंस, "एवढ्या थंडीत तिकडे करतोस तरी काय?" मी "नाचतो" असं लिहिलं आणि तू ती हसून लोळणारी सहा तोंडं पाठवलीस. दोन ओळींत सांगण्यासारखं ते प्रकरण नव्हतं, म्हणून कागद घेतला. चिमी म्हणते, "बाबा, ईमेल करा ना." पण तुझ्या ईमेलच्या उत्तरात आजवर "ओके" सोडून दुसरा शब्द मी वाचलेला नाही.

तर खरंच नाचतो. दर मंगळवारी संध्याकाळी सात ते नऊ, तुझ्या वहिनीसकट. इथे खेडोपाडी ग्रेंज हॉल असतात, म्हणजे शेतकऱ्यांच्या जुन्या संघटनेची सभागृहं. लाकडी जमीन, एका टोकाला छोटं स्टेज, मागच्या खोलीत कॉफी. चिमीच्या शेजारच्या बाई पहिल्यांदा आम्हाला तिथे ओढून घेऊन गेल्या. बर्फात घरात कोंडून घेतलं की गुडघे धरतात, असं त्यांचं शास्त्र.

या नाचाला स्क्वेअर डान्स म्हणतात. चार जोडपी चौकाच्या चार बाजूंना, तोंडं आत. स्टेजकडे पाठ असते ती जोडी पहिली, तिथून उजवीकडे मोजत जायचं. बाई पुरुषाच्या उजव्या हाताला. डाव्या हाताची बाई ती "कॉर्नर", आपल्या भाषेत शेजारीण. स्टेजवर माईक धरून एक माणूस उभा असतो आणि तो जे सांगेल ते आठही जणांनी तालात करायचं. त्याला म्हणायचं कॉलर. तुला हे पत्र लिहितोय ते त्याच्यामुळे. आपल्या वाड्यात हे काम करणारा एकच माणूस होता, शिट्टी तोंडात धरून लेझमीच्या रांगा हलवणारा, आणि तो तू.

पण तुझ्यात आणि याच्यात एक फरक आहे. आपले हात तू महिनाभर आधी घोटून घ्यायचास. शिट्टी वाजली की पुढे काय, हे पोरांना पाठ असायचं. इथे पुढे काय येणार हे नाचणाऱ्याला ठाऊकच नसतं. सुट्या सुट्या चाली शिकवलेल्या असतात, पण त्या कुठल्या क्रमाने येतील ते कॉलर त्या घटकेला ठरवतो. आपले पाय एक चाल पुरी करत असतात, कानावर दुसरी पडते, आणि त्याच्या डोक्यात तेव्हा तिसरी चाललेली असते. मिनिटाला सव्वाशेच्या आसपास पावलं पडतात. म्हणजे विचार करायला त्याला वेळ किती, तूच हिशोब कर.

पहिल्या मंगळवारी "अलमांड लेफ्ट" आलं. शेजारणीचा डावा हात धरून एक गिरकी घ्यायची. मी इमानेइतबारे उजवा हात पुढे केला. त्यानंतर "राइट अँड लेफ्ट ग्रँड" होतं: एकाला उजवा, दुसऱ्याला डावा हात देत सगळ्यांनी गोलात एकमेकांतून पार व्हायचं, कोकणात गोफ विणतात तसं. आमच्या गोफाची गाठ बसली. मी परक्या चौकात पोचलो होतो, तुझी वहिनी एका साडेसहा फुटी म्हाताऱ्याच्या हातात, आणि दोघंही खुशीत. मला वाटलं, आता तो माईकवरून माझं नाव घेणार. त्याने फक्त पुढचे दोन-तीन हुकूम सोपे दिले. सगळ्यांनी हात धरून गोल फिरा, समोरासमोर रांगा करा, पुढे या, मागे जा. तेवढ्यात आम्ही आपापल्या जागी आलो. कुणासाठी नाच सोपा केला, ते हॉलमध्ये कुणाला कळलंही नाही. मला कळलं ते तिसऱ्या आठवड्यात.

मग मी नाच सोडून त्याच्याकडेच बघायला लागलो. (त्यामुळे आणखी दोन चौक मोडले, ते सोड.) मध्यंतरात कॉफी घेताना विचारलं, आठ माणसं अशी कालवून झाल्यावर परत ज्याची त्याला कशी मिळतात? हसला. म्हणाला, समोरच्या एका चौकातल्या दोन जोड्या सुरुवातीलाच नजरेत धरून ठेवतो. बाकी सगळं मोकळं सोडतो. वेळ भरत आली की त्या दोन जोड्या जुळवायच्या आणि अलमांड लेफ्ट म्हणायचं, उरलेले आपोआप जुळतात. याला साइट कॉलिंग म्हणतात. हे जमेपर्यंत कित्येक वर्षं तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर सोंगट्या मांडून बसायचा. जेवायला ताट ठेवायला जागा नसायची, अशी त्याच्या बायकोची जोड.

हे झालं पॅटर कॉलचं, म्हणजे नुसत्या ठेक्यावर हुकूम सोडायचे त्याचं. त्यानंतर येतो सिंगिंग कॉल, तो त्याने गाऊन दाखवायचा. गाण्याची सात आवर्तनं, प्रत्येक 64 मात्रांचं, आणि गाण्याच्या ओळींच्या मध्येच हुकूम बसवलेले. सातांतल्या चार आवर्तनांत जोडीदार बदलतो, शेजारीण ती जोडीदारीण होते, आणि चौथ्या बदलानंतर ज्याची त्याला परत. पहिल्यांदा हे कळल्यावर तुझ्या वहिनीने विचारलं, "परत यायलाच हवं का?"

आता थोडा इतिहास, कारण तो वाचून मी चाट पडलो. युरोपातून हे नाच अमेरिकेत आले तेव्हा कॉलर नव्हताच. फ्रेंच कोटिलियन, क्वाड्रिल वगैरे प्रकार नाचमास्तरांकडून पैसे मोजून शिकायचे आणि पाठ करून यायचे. दो-सा-दो, प्रॉमनेड, अलमांड हे शब्द तिथलेच. मोठ्या घरांतल्या नाचांना वाजवायला गुलामगिरीतले काळे फिडलवाले असायचे. वाजवता वाजवता पुढची चाल ओरडून सांगायची रीत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी पाडली, असं या विषयाचे अभ्यासक सांगतात. म्हणजे पहिले कॉलर ते. त्यांनी ओरडून सांगायला सुरुवात केली आणि मास्तराची गरज संपली. ज्याला ऐकू येतं तो नाचू शकतो, असं झालं.

आणि गंमत पुढे आहे. 1920 च्या दशकात मोटारवाल्या हेन्री फोर्डला हे जुने नाच परत आणायचं वेड लागलं. काळ्या लोकांतून आलेलं जॅझ संगीत त्याला डोळ्यासमोर नको असायचं आणि त्या रागात वंशद्वेष उघड होता. मॅसॅच्युसेट्समधून त्याने बेंजामिन लव्हेट नावाचा नाचमास्तर उचलून डिअरबॉर्नला आणला, वर्षानुवर्षं पगारावर ठेवला आणि त्याच्या नावाने दिवाणखान्यासारखा एक हॉल बांधला. आजही लव्हेट हॉल म्हणूनच ओळखतात. म्हणजे ज्यांच्या संगीतावर उतारा म्हणून हा नाच काढला, कॉलर त्यांच्याच पूर्वजांनी दिलेला! फोर्डला हे कुणी सांगितलं असतं, तर सांगणाऱ्याची नोकरी गेली असती.

माझा आवडता माणूस मात्र दुसरा, लॉइड शॉ. कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये चेयेन माउंटन नावाच्या शाळेचा हा प्रमुख. सगळे त्याला पॅपी म्हणत. आसपासच्या गुराख्यांचे नाच त्याने गोळा केले, 1939 मध्ये पुस्तक काढलं, शाळेतल्या पोरापोरींचा ताफा घेऊन देशभर फिरला, आणि उन्हाळ्यात कॉलरांचे वर्ग घेऊ लागला. तिथून शिकून गेलेल्यांनी पुढे गावोगाव क्लब काढले. त्यांतला एक बॉब ऑसगुड, लॉस एंजेलिसचा. 1948 मध्ये त्याने या नाचाचं मासिक सुरू केलं आणि 1985 पर्यंत चालवलं. 1950 साली सांता मोनिका शहराला पंचाहत्तर वर्षं झाली तेव्हा यानेच विल्शायर बुलेवार्डवर भररस्त्यात नाच ठेवला. 15,000 च्या आसपास माणसं नाचायला होती. विसर्जनाच्या मिरवणुकीत लक्ष्मी रोड जसा भरतो तसा रस्ता डोळ्यासमोर आण, आणि तो सगळा माईकवरच्या आवाजाने एकदम डावीकडे वळतोय.

हे होऊ शकलं ते माईकमुळे. त्याआधी कॉलरचा गळा पोचेल तेवढाच नाच. मग रेकॉर्ड आल्या, एका बाजूला नुसतं संगीत, दुसऱ्या बाजूला कॉलसकट. वादकांचा ताफा सुटला. वेग कमीजास्त करता येणारी तबकडी, एक कर्णा आणि रेकॉर्डची पेटी गाडीत टाकली की कॉलर एकटा निघाला. आज या गावात, उद्या दोनशे मैलांवर. टेक्सासमधल्या ॲबिलीनचा मार्शल फ्लिपो हा त्यांतला सगळ्यात लाडका. ब्लू स्टार कंपनीच्या रेकॉर्डवर त्याचं नाव झालं, आणि मग अख्खं आयुष्य रस्त्यावर. मिसूरीतल्या एका तळ्याकाठच्या रिसॉर्टवर त्याने चाळीसहून जास्त वर्षं हंगाम केले. आपल्याकडे तमाशाच्या फडाला जत्रांचा हंगाम असतो तसे. 2018 मध्ये तो गेला.

पण फ्लिपो किती? बोटांवर मोजण्याइतके. बाकीच्यांच्या पोटाची सोय दुसरीकडे. आमचा कॉलर टपाल वाटायचा. दिवसभर पायी हिंडायचं, घरी येऊन आंघोळ, शर्ट बदलायचा आणि गाडी काढायची. मिळायचं त्यात पेट्रोल आणि रस्त्यातलं जेवण निघालं की भरून पावलो म्हणायचं. संगीत वापरायचं म्हणून परवान्याची फी, कुणी पडलं-झडलं तर म्हणून विमा, तेही त्याच्याच अंगावर. कॉलरच्या बायकोला या लोकांत "टॉ" म्हणतात. दाराशी बसून पैसे घेणं, नवख्याला चौकात उभं करणं, परतीच्या वाटेवर नवऱ्याला जागं ठेवणं ही सगळी टॉची कामं. एका क्लबाने वर्षभराचे पैसे बुडवले ते त्याने मला हसत सांगितलं, टॉने दात ओठ खात.

आता मूळ मुद्दा. तुला राग येईल, पण वाच.

साठ-सत्तरच्या दशकांत हे कॉलर फार हुशार झाले. रोज त्याच चाली सांगून कंटाळले. मग नव्या काढायला लागले, मासिकांतून छापायला लागले, आणि महिन्यागणिक ढीग साचला. या गावच्या माणसाला त्या गावात नाचता येईना. शेवटी त्यांनीच कॉलरलॅब नावाची संघटना काढली, 1974 मध्ये सेंट लुइसला पहिलं अधिवेशन भरवलं आणि याद्या ठरवल्या. मेनस्ट्रीम म्हणजे जवळजवळ सत्तर चाली, प्लस म्हणजे आणखी तीसेक, त्याच्या वर ॲडव्हान्स्ड, त्याच्याही वर चॅलेंज. फायदा झालाच. आज टोकियोतला नाचणारा जर्मनीतल्या चौकात उभा राहू शकतो, कारण हुकूम जगभर इंग्रजीतच आणि एकाच अर्थाचे. पण नुसतं मेनस्ट्रीम शिकायला सगळा हिवाळा जातो. एक संध्याकाळ मजा करायला आलेल्या माणसाला सहा-आठ महिन्यांचा अभ्यासक्रम! तो कशाला परत येतो? आमच्या हॉलमध्ये कधीकाळी वीस चौक लागायचे म्हणतात. आता चार लागले तर टॉ फोटो काढते. नाचणाऱ्यांत सर्वांत तरुण मी, आणि मला अडुसष्टावं लागलंय. लोक टीव्हीला, मोबाइलला दोष देतात. मला विचारशील तर निम्मा दोष कॉलरांच्या हुशारीचा.

आठवतं का, 1978 चा गणपती? तू कुठूनसे बारा नवे हात शिकून आलास. बसून, उठून, गिरकी घेऊन, लेझीम पाठीमागून. पहिल्या दिवशी चाळीस पोरं होती. विसर्जनाला रांगेत किती होतो? अकरा. तू म्हणालास, "पोरांत दम नाही." मी त्या अकरांत होतो म्हणून तेव्हा मानेने हो म्हटलं. गळालेल्यांत माझा धाकटा भाऊ होता. त्याला गिरकी जमायची नाही आणि तू त्याला सगळ्यांदेखत बाहेर काढलंस. सत्तेचाळीस वर्षं हे तुला सांगितलं नाही. आज सांगतोय, कारण परवा मी कॉलरला विचारलं की चौक मोडला की राग येत नाही का. तो म्हणाला, एक चौक मोडला तर कुणाचं तरी लक्ष नव्हतं. तीन मोडले तर ती चूक माझी. आणि परत सोंगट्यांच्या डब्यात हात घालून बसला.

रागावू नकोस. तुझ्या शिट्टीइतकी सरळ रांग मी इथेही पाहिलेली नाही.

आता काम. पॅटर कॉलला गाणं लागत नाही, नुसता ठेका लागतो. मी त्याला आपल्या हलगीबद्दल सांगितलं, टेबलावर वाजवून दाखवलं. त्याचे डोळे लकाकले. म्हणाला, रेकॉर्ड मागव, मार्चमध्ये एक फेरी त्यावर घेऊ. तुझ्या तालमीतली ती दोन पोरं अजून वाजवतात ना? दहा मिनिटं सलग वाजवायला सांग आणि फोनवर घेऊन पाठव. वेग मिनिटाला 124, घड्याळ लावून मोज. उत्साहाच्या भरात शेवटी पळवू नका, इथे सगळ्यांचे गुडघे बदललेले आहेत.

आणि मध्ये शिट्टी वाजवू नकोस. हा माणूस थांबेल.

तुझा,
नाना

ता. क. माझ्या भावाला हे पत्र दाखवलंस तरी चालेल. तो विसरला असेल असं मात्र समजू नकोस.