रिलॅप्सवर स्टिरॉइड द्यायचे की नाही, हे सगळ्या आजारांचा एकत्र विचार करून ठरावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, हा मेंदू आणि मज्जारज्जूतील नसांच्या आवरणाला सूज आणणारा आजार बहुतेकांना विशी ते चाळिशीच्या दरम्यान गाठतो. हे रुग्ण पुढे अनेक वर्षे जगतात आणि वयाबरोबर येणारे मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, हाडांची झीज हे आजार त्यांनाही होतात. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या १०.१ कोटी असल्याचे सांगितले; एमएसचे रुग्ण त्यातून वगळलेले नाहीत. माझी थोरली बहीण अशीच एक रुग्ण आहे. तिला एमएसबरोबर मधुमेह आणि उच्च रक्तदाब आहे, आणि तरुणपणी तिला टीबी होऊन गेला आहे. तिच्या प्रत्येक रिलॅप्सच्या वेळी, म्हणजे आजार नव्याने उसळतो तेव्हा, सूज उतरवणारे, पण साखर वाढवणारे आणि प्रतिकारशक्ती दाबणारे स्टिरॉइड द्यायचे की थांबायचे हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहतो आणि त्याचे उत्तर देणारी एकच एक जागा मुंबईसारख्या शहरातही सापडत नाही, म्हणून हे पत्र.

पहिली अडचण रिलॅप्स ओळखण्याचीच आहे. मेंदू, मज्जारज्जू किंवा डोळ्याची नस यांवरील मायलिनच्या आवरणाला नव्याने सूज आल्यामुळे उद्भवलेली, किमान २४ तास टिकणारी आणि ताप किंवा जंतुसंसर्ग नसताना आलेली लक्षणे म्हणजे रिलॅप्स, अशी डॉक्टरांची व्याख्या आहे. शरीराचे तापमान वाढले की जुनीच लक्षणे तात्पुरती बळावतात, हे उहथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० सालीच नोंदवून ठेवले आहे. ऑक्टोबरच्या उन्हात गर्दीच्या लोकलमधून घरी आलेल्या रुग्णाचे पाय लटपटू लागले आणि पंख्याखाली विसावा घेतल्यावर ते सावरले, तर त्यात नवी सूज नसते. लघवीच्या संसर्गानेही हेच होते, आणि मधुमेहात तो संसर्ग वरचेवर होतो. अशा वेळी लघवीची तपासणी न करता स्टिरॉइड सुरू केले, तर ज्या संसर्गामुळे पाय गळाले तोच वाढीला लागतो.

मधुमेह असला की गोंधळाला आणखी वाटा फुटतात. तळपायाला मुंग्या येणे हे मधुमेहाने नसांवर केलेल्या परिणामाचे लक्षण असू शकते. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्याने बी-१२ जीवनसत्त्व कमी झाल्याचेही असू शकते. याच्या उलट बाजूचा धोका मला अधिक गंभीर वाटतो. रिलॅप्सची लक्षणे सहसा काही तासांत किंवा दिवसांत वाढत जातात. पक्षाघात मात्र क्षणात येतो. रक्तदाब आणि साखर असलेल्या एमएसच्या रुग्णाचा हात अचानक लुळा पडला आणि घरच्यांनी ‘हा नेहमीचाच अटॅक असेल’ म्हणून सकाळपर्यंत वाट पाहिली, तर मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनची सुमारे साडेचार तासांची मुदत हातची निघून जाते. एमएसच्या प्रत्येक रुग्णाच्या घरी एवढी एक गोष्ट तरी कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवी.

आता रिलॅप्स खराच आहे असे धरू. त्यावरचा रूढ उपचार म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, बहुधा रोज १ ग्रॅम, सलाइनमधून, तीन ते पाच दिवस. या औषधाकडून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे रुग्णाला क्वचितच सांगितले जाते. डोळ्याच्या नसेला आलेल्या सुजेवर अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९२ साली प्रसिद्ध झाले. शिरेतून दिलेल्या स्टिरॉइडने दृष्टी लवकर परत येते, परंतु काही महिन्यांनंतर औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या रुग्णांच्या दृष्टीत फारसा फरक राहत नाही, असे त्यात दिसले. थोडक्यात, स्टिरॉइड बरे होण्याचा वेग वाढवते; अखेरीस किती बरे होणार, हे बहुतांशी त्यावर ठरत नाही. तेव्हा नुसत्या बधिरपणाचा, रोजची कामे न अडवणारा रिलॅप्स असेल आणि साखर आधीच हाताबाहेर असेल, तर लक्ष ठेवून थांबणे हा निष्काळजीपणा नव्हे. तोही पूर्ण विचारान्ती घेतलेला वैद्यकीय निर्णय असू शकतो.

मात्र याच युक्तिवादाचा आधार घेऊन ‘साखर आहे, स्टिरॉइड नको’ असे सरसकट म्हणणे मला तितकेच अन्यायाचे वाटते. दृष्टी गेली असेल, पाय उचलत नसतील, लघवीवरचा ताबा सुटला असेल, तेव्हा लवकर बरे होण्याला फार मोठे मोल असते. मधुमेही माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळला तर त्याची साखर त्यामुळेही बिघडते आणि पाठीला जखमा होतात त्या वेगळ्याच. स्टिरॉइडने वाढलेली साखर काही दिवस इन्सुलिन देऊन आवरता येते. शिवाय एमएससारखाच दिसणारा न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा वेगळा आजार आहे. त्याच्या एकेका झटक्याने कायमचे अंधत्व किंवा पांगळेपण येऊ शकते, आणि तिथे थांबून पाहण्याची मुभाच नाही. म्हणून मूळ निदान पक्के असणे, त्यासाठी अँटिबॉडीची रक्ततपासणी झालेली असणे, ही या निर्णयाची पहिली अट आहे.

आमचा अनुभव सांगतो. एका रुग्णालयात बहिणीला सकाळी स्टिरॉइडचे सलाइन लावले जात असे आणि साखर मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे, उपाशीपोटी तपासली जाई. सकाळी दिलेल्या स्टिरॉइडने साखर दुपारनंतर आणि संध्याकाळी चढते. उपाशीपोटीचा आकडा त्या वेळी जवळपास नेहमीसारखा दिसू शकतो. तिला तहान आवरेना तेव्हा आम्ही आग्रह धरून संध्याकाळी तपासणी करून घेतली आणि मग धावाधाव झाली. न्यूरोच्या डॉक्टरांनी फिजिशियनकडे बोट दाखवले, फिजिशियननी न्यूरोकडे. टीबी होऊन गेल्याची नोंद तर केसपेपरवर नव्हतीच, ती आम्हीच तोंडी सांगितली. ज्या शहरात टीबी इतका पसरलेला आहे, तिथे पुन्हा पुन्हा स्टिरॉइड देण्यापूर्वी छातीचा एक्स-रे आणि हेपटायटिस बी या यकृताच्या संसर्गाची तपासणी झाली आहे का, हे नातेवाइकांनी विचारावे लागू नये. झोप उडणे, मन सैरभैर होणे, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटणे हे परिणामही आधी सांगितले, तर वेळेवर ओळखता येतात.

माझी मागणी खर्चिक नाही. केईएम, नायर आणि सायन या महापालिकेच्या रुग्णालयांत न्यूरॉलॉजी आणि मेडिसिन हे दोन्ही विभाग आहेत. एमएसचा रुग्ण बरा असताना या दोन विभागांनी मिळून त्याच्यासाठी एक पानाची योजना लिहून द्यावी: कोणत्या लक्षणांवर थांबायचे, कोणत्या लक्षणांवर तडक इमर्जन्सीला यायचे, स्टिरॉइडआधी कोणत्या तपासण्या, साखर दिवसातून कधी आणि किती वेळा पाहायची, इन्सुलिन कोण ठरवणार. लघवी आणि साखरेची प्राथमिक तपासणी घराजवळच्या ‘आपला दवाखाना’त करता आली, तर विरार किंवा मानखुर्दच्या रुग्णाला केवळ संसर्ग आहे की नाही हे कळण्यासाठी परळचे केईएम गाठावे लागणार नाही. फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०१५ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तेवढ्याच मात्रेच्या गोळ्या सलाइनपेक्षा कमी पडल्या नाहीत, तेव्हा प्रत्येकाला खाट अडवण्याचीही गरज नाही, ज्यांची साखर अस्थिर आहे त्यांनाच ती मिळावी. आणि वर्षात पुन्हा पुन्हा रिलॅप्स येत असतील, तर चर्चा स्टिरॉइडवर न थांबता रिलॅप्स रोखणारे नियमित औषध बदलण्यापर्यंत गेली पाहिजे.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने एमएसचा २१ दिव्यांगत्वांच्या यादीत समावेश केला आहे. या रुग्णांना प्रमाणपत्र मिळते, लोकलमध्ये राखीव डबा मिळतो. उपचाराचा निर्णयही त्यांना विश्वासात घेऊन आणि त्यांच्या सगळ्या आजारांचा विचार करून घेतला जावा, ही अपेक्षा त्या कायद्याच्या भावनेला धरूनच आहे. महापालिकेच्या आरोग्य विभागाने या सूचनेवर आपले म्हणणे आपल्या दैनिकातून मांडावे, अशी विनंती आहे.

आपली,
एमएसच्या एका रुग्णाची बहीण, भांडुप, मुंबई