अप्पांना तो प्रश्न विचारणाऱ्या सिस्टरना

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही. पण माझ्या वडिलांना, अप्पांना, तुम्ही जे विचारलंत, त्याबद्दल त्या दिवशी आभार मानायचे सोडून मी तुमच्यावर चिडले होते. ते मनाला लागून राहिलंय.

अप्पांची सगळी हयात सोलापुरात अक्कलकोट रोडच्या यंत्रमागांवर गेली. मागाच्या खडखडाटात बोलायचं म्हणजे ओरडूनच, त्यामुळं घरीही त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. गालातला तुकडा तपासून कॅन्सरचा रिपोर्ट आला आणि तो आवाज बंद झाला. तोंड दुखतंय म्हणून गप्प असतील, असं आम्ही धरून चाललो. आठवड्याभरात त्यांनी विम्याचे कागद आईच्या हाती दिले, दुकानाची उधारी मिटवली आणि नोकरीला लागल्यावर घेतलेलं एचएमटीचं घड्याळ माझ्या लेकाला देऊन टाकलं. ऑपरेशनच्या आधी निरवानिरव करतायत, एवढंच मला वाटलं.

बीपी बघताना तुम्हाला त्यांच्या मनगटावरचा घड्याळाचा फिकट पट्टा दिसला. घड्याळ कुठंय म्हणून विचारलंत, उत्तर ऐकलंत, आणि स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसलात. "अप्पा, जीव संपवावा असं मनात येतं का?"

मी म्हणाले, असलं अभद्र का विचारता? अप्पा मात्र खाली बघत म्हणाले, "रोज पहाटे येतं." तंबाखू मी खाल्ली, मग माझ्यापायी पोरीनं कर्ज का काढायचं, असं म्हणत ते रडले. "असं बोलू नये" म्हणून तुम्ही त्यांना गप्प केलं नाहीत. त्यांचं सगळं बोलून होईपर्यंत हातातलं काम बाजूला ठेवलंत.

त्याच दुपारी तुम्ही आम्हाला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलंत. दुखणं वाढायची वाट न बघता गोळ्या ठरल्या वेळी द्यायच्या, त्यांना एकटं सोडायचं नाही, मनाच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात तोवर त्या मध्येच बंद करायच्या नाहीत, हे आईला दोनदा समजावलंत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कागद कुठं द्यायचे तेही सांगितलंत. कर्जाचा घोर त्यांना आजाराइतकाच खात होता, हे मला तेव्हा कळलं.

बाहेर आल्यावर मला म्हणालात, विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, आधीच असेल तर बाहेर यायला वाट मिळते. नंतर मी वाचत गेले. स्वीडनमधल्या साठ लाखांहून जास्त लोकांच्या नोंदींवरचा २०१२ सालचा एक अभ्यास सापडला. कॅन्सर नसलेल्यांच्या तुलनेत, निदानानंतरच्या पहिल्या आठवड्यात आत्महत्येचा धोका सुमारे साडेबारापट, पहिल्या वर्षात सुमारे तिप्पट. पहिला आठवडा! आम्ही त्या आठवड्यात रिपोर्टच्या झेरॉक्स काढत होतो आणि "धीर सोडू नका" म्हणत होतो. मनात काय चाललंय, हे एकानंही विचारलं नव्हतं.

तुम्ही लिहून दिलेला टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ हा नंबर आईनं देव्हाऱ्याशेजारी चिकटवलाय. एका रात्री अडीचला लावावा लागला. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. ज्यांच्या घरी असा रिपोर्ट नुकताच आलाय, त्यांनीही तो लिहून ठेवावा, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

ऑपरेशन झालंय, रेडिएशनचे शेक चालू आहेत. तोंड अजून पुरतं उघडत नाही. शेंगाचटणी दह्यात कालवून, भाकरी दुधात कुस्करून खातात. काही पहाटा अजून वाईट जातात, पण आता आईला उठवून सांगतात.

आणि परवा त्यांनी नातवाकडून घड्याळ परत मागून घेतलं. गोळ्यांची वेळ बघायला लागते, म्हणाले.

तुमची,
अप्पांची थोरली