साप चावल्यावरचं शास्त्र कागदावर, आणि आम्ही रात्री उसात

माननीय संपादकसाहेब,
नमस्कार.

श्रावण आला की बत्तीस शिराळ्याच्या नागांची चर्चा निघते, पूर्वी जिवंत नागांची मिरवणूक कशी असायची, कोर्टानं कशी थांबवली, परत सुरू करावी का नको, आणि त्याच दिवसांत भांगलणीला गेलेल्या बाईला नाहीतर वैरण कापायला गेलेल्या माणसाला साप चावला तर ती बातमी आतल्या पानावर दोन ओळीत. तुमच्यावर राग नाही, आम्ही पण आधी फोटोच बघतो.

पण साहेब, सापाच्या विषावर संशोधन कमी झालंय असं अजिबात नाही. २००० ते २०१९ या काळात देशात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं सर्पदंशानं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ ला हा दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतला, केंद्र सरकारनं मार्च २०२४ ला राष्ट्रीय आराखडा काढला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे असं त्यात लिहिलंय. एवढं सगळं मुंबई-दिल्लीत ठरतं आणि आमच्या वाळवा तालुक्यात येईस्तोवर त्याचं होतं एक पोस्टर, दवाखान्याच्या भिंतीवर, "रात्री शेतात जाणे टाळा".

आता टाळायचं कसं? मोटारीला थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळी आली की बारा वाजता उठून दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी पाजायला, जावंच लागतं, नाहीतर ऊस वाळतो. म्हणजे सर्पदंशाचं अर्धं औषध वीज कंपनीकडं आहे आणि डॉक्टर बिचारे पोस्टर लावतात. दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनीची योजना आहे, ती चांगलीच आहे, पण कुठल्या गावात आधी द्यायची हे ठरवताना तिथं साप किती जणांना चावतो हा आकडा कुणी टेबलावर ठेवला असेल असं मला वाटत नाही.

दुसरं पोस्टर म्हणतं गमबूट घाला. ज्यानं लिहिलंय त्यानं काळ्या रानात पाणी पाजलेलं नसणार. सरीतल्या चिखलात पाय वर येतो आणि बूट तिथंच राहतो, वर आत पाणी गेलं की चालताच येत नाही, म्हणून आमची माणसं अनवाणी जातात, अडाणी आहेत म्हणून नाही. आपल्या जिल्ह्यात इंजिनिअरिंग कॉलेजं काय कमी आहेत का, चिखलात न रुतणारा हलका बूट करा की पोरांना प्रोजेक्ट देऊन! माणूस गेल्यावर शेतकरी अपघात योजनेतून दोन लाख मिळतात, त्यातलं थोडं आधीच बुटावर घातलं तर चालणार नाही का?

ऊसतोडीच्या टोळ्यांचं तर कुणी विचारूच नका. कोपीत, म्हणजे झोपडीत, जमिनीवर अंथरूण, आणि मण्यार रात्री झोपलेल्या माणसालाच चावतो, दुखतही नाही फारसं, सकाळी पोटात कळ येते, पापण्या जड होतात आणि घरचे म्हणतात पित्त झालं. मच्छरदाणीत झोपणाऱ्याला हा धोका बराच कमी होतो हे नेपाळमधल्या अभ्यासात दिसलंय. मच्छरदाणी काही महाग वस्तू नाही, पण ती वाटायची कुणी, आरोग्य खात्यानं का कारखान्यानं का मुकादमानं, इथं गाडं अडतं. त्याच नेपाळात दमक भागात गावच्या पोरांनी मोटरसायकलवरून पेशंट न्यायची व्यवस्था केली आणि गावोगाव माहिती दिली, तर दंशानंतर मरणाऱ्यांचं प्रमाण साडेदहा टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आलं. आमच्याकडं गाड्याही आहेत आणि तरुण मंडळंही आहेत. नाही ते एकच, आज रात्री सापाच्या विषावरची लस नेमकी कुठं आहे आणि तिथं डॉक्टर हजर आहे का, हे सांगणारं कुणी. आमच्या भावकीतल्या एकाला घोणस चावली तेव्हा दोन दवाखाने फिरून तिसऱ्या ठिकाणी लस मिळाली. वाचला, पण तोवर किडनीवर आलं होतं, डायलिसिस करावं लागलं.

घोणसीवरून आठवलं. विष रक्तात भिनलंय का हे बघायला मशीन लागत नाही. कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि तिरकं करून बघायचं, गोठलं नाही तर लस सुरू. (नाग-मण्यारीला हे चालत नाही, तिथं पापण्या आणि श्वास बघायचा.) पण नळी काचेचीच पाहिजे, प्लास्टिकची नाही, आणि साबणाच्या पाण्यानं धुतलेलीही नाही, नाहीतर टेस्ट चुकते. हल्ली सगळीकडं प्लास्टिकच्याच नळ्या येतात. म्हणजे एवढं मोठं संशोधन शेवटी स्टोअरकीपरच्या मागणीपत्रावर अडकतं, आणि त्या माणसाला हे कुणी समजावून सांगितलेलं नसतं.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी ब्लडप्रेशरची साधी प्राझोसिन गोळी विंचूदंशावर वापरून दाखवली आणि कोकणातली माणसं वाचायला लागली. ते मोठं काम पेशंटच्या उशाशी बसून झालं. सापाच्या बाबतीत मात्र एकट्या डॉक्टरनं भागणार नाही. म्हणून पावसाळ्याच्या आधी तालुक्याला एक बैठक घ्या, तहसीलदारांनी बोलवावी, तिथं पीएचसीचे डॉक्टर, आशाताई, वीज कंपनीचा अभियंता, कारखान्याचा शेती अधिकारी आणि चिटबॉय (उसाच्या नोंदी ठेवणारा माणूस), सर्पमित्र, मिरजेच्या मेडिकल कॉलेजचं कुणीतरी आणि स्टोअरकीपर, सगळे एका खोलीत पाहिजेत. सर्पमित्रांना कोपऱ्यात बसवू नका, कुठल्या वाडीत कुठला साप जास्त निघतो हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही.

आणि कृषी सहाय्यकालाही बोलवा. ते म्हणतात पाचट (उसाचा वाळका पाला) जाळू नका, सरीत पसरा, जमिनीला ते चांगलंच आहे आणि आम्ही करतोय पण. पण पाचटात उंदीर होतात, उंदरामागं साप येतो, तर त्या रानात बाईनं भांगलायचं कसं हे कृषी आणि आरोग्य दोघांनी मिळून सांगावं, वेगवेगळं नको.

आपला,
एक ऊस उत्पादक वाचक,
ता. वाळवा, जि. सांगली