मॅडम, काकींचा अंगठा उमटला

मॅडम, तुमची बदली झाली त्या आठवड्यात मी रजेवर होतो, निरोप घ्यायचा राहून गेला आणि आभार मानायचेही, म्हणून आज इथे सगळ्यांसमोर लिहितोय. एक बातमीपण द्यायची आहे.

त्या काजूवाल्या काकी आठवतात? पावसाळा नुकताच सुरू झालेला, स्किन ओपीडीत चिखल्या आणि गजकर्णाची रांग, आणि मी इंटर्न, सकाळपासून चाळीस पेशंटना फंगलच लिहिलेलं, त्यामुळे काकींचे सोललेले हात लांबूनच बघून केसपेपरवर टिनिया मॅन्युअम, म्हणजे हाताचं गजकर्ण, लिहून मोकळा झालो. तुम्ही ओरडला नाहीत. केओएच कर म्हणालात, म्हणजे बुरशी आहे का ते स्लाइडवर बघ. मी कातडी खरवडून स्क्रेपिंग घेतलं, १० टक्के केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) कातडीतलं केराटिन विरघळलं, स्लाइडभर शोधलं, हायफी, म्हणजे बुरशीचा धागा, एकपण नाही. मग तुम्ही खुर्ची खिडकीजवळ ओढलीत, काकींचा हात आपल्या हातात घेतलात, ग्लोव्हज न घालता, आणि विचारलंत, "कामाक खंय जातंस गो काकी?"

"काजू फोडूक जातंय."

तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की काळेपणा आणि भेगा अंगठ्यावर आणि शेजारच्या दोन बोटांवरच आहेत, जिथे बी धरतात तिथेच, करंगळी जवळजवळ स्वच्छ. टरफलातल्या तेलात अ‍ॅनाकार्डिक अ‍ॅसिड आणि कार्डॉल असतं, ते कातडी थेट भाजतं, आणि काहींना वरून अ‍ॅलर्जीपण होते, रक्तातल्या संरक्षक पेशी, टी सेल्स, ते तेल एकदा ओळखायला लागल्या की पुढच्या वेळी दीड-दोन दिवसांनी हात पेटतो. आंबा, काजू, बिब्बा एकाच कुळातले, हे तुम्ही त्याच दिवशी सांगितलंत. मी इथलाच, लहानपणी मे महिन्यात आंब्याच्या चिकाने माझे ओठ दरवर्षी भाजायचे, आणि टाइप फोर हायपरसेन्सिटिव्हिटी, म्हणजे हीच उशिरा पेटणारी अ‍ॅलर्जी, मी फायनलला पानभर लिहून आलो होतो, पण दोन्ही गोष्टी एकच हे डोक्यात कधी आलंच नाही.

काकी म्हणाल्या काम सोडणं जमायचं नाही, आणि हातमोजे घातले की बी निसटते. तुम्ही त्यांच्याशी वाद घातला नाहीत. मलम दिलंत, कामाला बसण्याआधी हाताला खोबरेल चोपडा आणि उठल्याउठल्या साबणाने धुवा म्हणालात, आणि मालकाला चिठ्ठी लिहिलीत की यांना फोडण्याऐवजी गर सोलायला बसवा. वर सांगितलंत, महिनाभर धीर धर. का महिना ते मला नंतर चहा पिताना समजावलंत, बेसल लेयरमधली, म्हणजे वरच्या कातडीच्या तळच्या थरातली, पेशी वर येऊन गळून पडायला साधारण चार आठवडे लागतात.

कुष्ठरोगाचे पेशंटही तुमच्याबरोबरच बघितले. हॅन्सनने कुष्ठरोगाचा जंतू १८७३ मध्ये शोधला हे मला पाठ होतं. पण चट्टा बधिर आहे का बघायला त्यावर कापसाचं टोक टेकवताना पेशंटचे डोळे मिटलेले हवेत आणि कुठे लागलं ते त्याने बोटाने दाखवायचं, कोपरामागची अल्नर नर्व्ह, हाताची एक नस, दोन्ही बाजूंना चाचपून तुलना करायची, हे तुमचा हात बघून शिकलो.

आता बातमी. तुम्ही गेल्यावर काकी आल्या. भेगा भरलेल्या, आणि तक्रार नव्हतीच, सांगायला आल्या होत्या की रेशनच्या मशीनवर अंगठा उमटला, त्याआधी कित्येक महिने उमटत नव्हता म्हणून दरवेळी मुलाला न्यायला लागायचं. हे त्यांनी आपल्याला आधी सांगितलं नव्हतं, आपण विचारलंही नव्हतं ना. रेघांचा साचा खाली डर्मिसच्या, म्हणजे कातडीच्या आतल्या थराच्या, पॅपिलांमध्ये (बारीक उंचवट्यांमध्ये) असतो, तो शाबूत होता, म्हणून नवी कातडी त्याच रेघा घेऊन आली. मी त्यांचा अंगठा खिडकीकडे धरून बघितला, रेघा बारीक, पण सलग. त्या तुम्हाला विचारत होत्या, बाईंका सांग म्हणाल्या.

सांगितलं, मॅडम. थँक्यू.