‘करमुक्त’ म्हणजे नेमके कोणत्या देशात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात एका बँकेची अनिवासी भारतीयांच्या ठेवींविषयीची अर्धपान जाहिरात होती आणि तिच्यात ‘व्याज संपूर्ण करमुक्त’ हे शब्द सर्वांत मोठ्या टायपात होते. एनआरई (अनिवासी भारतीयाच्या परदेशी कमाईच्या) ठेवीच्या व्याजाला भारतात प्राप्तिकर लागत नाही हे खरेच. पण ही जाहिरात ज्यांच्यासाठी आहे त्यांपैकी जे अमेरिकेचे करनिवासी, म्हणजे करासाठी तिथले रहिवासी धरले जाणारे, आहेत, त्यांना तेच व्याज दरवर्षी तिथल्या विवरणपत्रात दाखवून त्यावर कर भरावा लागतो, याचा उल्लेख बारीक टायपातही नव्हता. मी बँकेत 34 वर्षे नोकरी केली, अशा ठेवी मीही गोळा केल्या, आणि ही गोष्ट एकाही ग्राहकाला कधी सांगितली नाही, कारण ती मलाच माहीत नव्हती.

माहीत झाली ती पुतणीमुळे. तिने एप्रिल 2018 पासून दोन इक्विटी म्युच्युअल फंडांत दरमहा प्रत्येकी पाच हजारांची एसआयपी सुरू केली होती. 2020 च्या नोव्हेंबरनंतर, टाळेबंदीत पगार कापला गेल्यावर, हप्ते थांबवले. जानेवारी 2022 मध्ये एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर ती अमेरिकेला गेली. निघताना आम्ही दोन्ही बॅगा वजनकाट्यावर तीन-तीनदा चढवल्या, 23 किलोच्या वर जायला नको म्हणून मेतकुटाची पुडी काढून पुन्हा घातली. फंडांच्या खात्यांची (फोलिओंची) आठवण मात्र कोणालाच झाली नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये तिथे घर घेण्यासाठी तिने दोन्ही फंड विकले. नफा चार लाख रुपये. भारतातला हिशेब सरळ होता: करमुक्त सव्वा लाख वगळून उरलेल्या पावणेतीन लाखांवर साडेबारा टक्के आणि उपकर धरून 35,750 रुपये.

अमेरिकेतला हिशेब सरळ नव्हता. भारतातील म्युच्युअल फंड तिथल्या कायद्याने ‘पीएफआयसी’ (परदेशी निष्क्रिय गुंतवणूक कंपनी) या वर्गात मोडतात. परदेशी फंडात पैसा ठेवून कर वर्षानुवर्षे पुढे ढकलता येऊ नये, यासाठी 1986 साली झालेली ही तरतूद आहे आणि तिच्या जाळ्यात आपली पगारदार मुलेही सापडतात. या तरतुदीतला विशेष पर्याय वेळेवर निवडलेला नसेल, तर विक्रीचा नफा युनिट हाती असलेल्या सर्व दिवसांवर सारखा वाटला जातो. जो हिस्सा अमेरिकेतील वास्तव्याच्या मागील वर्षांवर पडतो, त्यावर त्या वर्षाचा सर्वोच्च दर लागतो. हा दर सध्या 37 टक्के आहे आणि व्यक्तीचा स्वतःचा स्लॅब कितीही खालचा असला तरी तोच लागतो. शिवाय तो कर जणू थकवलाच होता असे धरून व्याज आकारले जाते. उरलेला हिस्सा नेहमीच्या उत्पन्नात मिळवला जातो. दीर्घ मुदतीच्या नफ्याला तिथे एरवी मिळणारा सवलतीचा दर या नफ्याला नाही. एसआयपीचा प्रत्येक हप्ता वेगळी खरेदी असल्याने तिच्या हिशेबनिसाच्या तक्त्यात 64 ओळी झाल्या, दोन फंडांचे पीएफआयसीसाठीचे दोन स्वतंत्र 8621 फॉर्म भरावे लागले, आणि त्याची फी भारतात भरलेल्या करापेक्षा जास्त निघाली. भारतात भरलेल्या कराची अमेरिकेच्या करातून वजावट मिळते, पण इथला दर इतका कमी की तेवढ्याने फारसे भागत नाही.

तिने हेच युनिट डिसेंबर 2021 मध्ये, विमानात बसण्यापूर्वी विकले असते, तर तेव्हाच्या सुमारे दोन लाखांच्या नफ्यावर दहा टक्के दराने आणि एक लाखाची सूट व उपकर धरून 10,400 रुपये कर झाला असता, आणि अमेरिकेचा काहीच नाही. नवख्या रहिवाशाची जुनी गुंतवणूक आगमनाच्या दिवसाच्या बाजारभावाने धरण्याची सोय कॅनडात आहे, अमेरिकेत नाही. तिथे नफा मूळ खरेदी किमतीपासूनच मोजला जातो. ब्रिटनने तर 6 एप्रिल 2025 पासून, आधीची दहा वर्षे तिथे निवासी नसलेल्यांना पहिली चार वर्षे परदेशी उत्पन्नावर करमाफीचा पर्याय दिला आहे. तेव्हा ‘परदेशी गेल्यावर काय होते’ असा सरसकट प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. देशाचे नाव आधी सांगावे लागते.

पीपीएफचेही तसेच. इथे करमुक्त असलेले व्याज तिथे करपात्र धरले जाते. आणि आपल्याकडची एक घरगुती सवय वेगळेच काम वाढवते: आईवडिलांच्या बचत खात्यावर आणि मुदत ठेवींवर ‘अडीअडचणीला असावे’ म्हणून मुलीचे दुसरे नाव घातलेले असते. अमेरिकेबाहेरच्या सर्व खात्यांतील शिल्लक मिळून वर्षातल्या एखाद्या दिवशीही दहा हजार डॉलरच्या वर गेली, तर तिला ही संयुक्त खातीसुद्धा ‘एफबार’ या ऑनलाइन पत्रकात कळवावी लागतात. त्यावर कर नाही, पण न कळवल्याचा दंड मोठा आहे. माझ्या भावाच्या निवृत्तीच्या ठेवी तिच्या अमेरिकी पत्रकात गेल्याचे ऐकून तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, कारण दुसरे नाव घालण्याचा सल्ला माझा होता.

मला खटकते ते पुढचे. भारत आणि अमेरिका यांच्यात जुलै 2015 मध्ये झालेल्या करारानुसार आपल्या बँका आणि फंड कंपन्या अमेरिकी करनिवासी ग्राहकांच्या खात्यांची माहिती सरकारमार्फत अमेरिकेला कळवतात. त्यासाठी ‘आपण अन्य देशाचे करनिवासी आहात काय’ असा रकाना प्रत्येक अर्जावर असतो. म्हणजे माहिती घेण्याची यंत्रणा चोख आहे; त्या रकान्याशेजारी ‘असल्यास या योजनेवर त्या देशातही कर लागू शकतो’ एवढे वाक्य छापण्याची मात्र कोणाला गरज वाटत नाही. ज्या वितरकाने पुतणीच्या एसआयपी सुरू केल्या, त्याने ती परदेशी गेल्याचे कळल्यावर केवळ पत्ता आणि बँक खाते बदलून घेतले. तो अडाणी नव्हता; त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

सेबी आणि रिझर्व्ह बँक यांनी हे एक वाक्य त्या रकान्याशेजारी सक्तीचे करावे, तसेच अनिवासी ठेवींच्या जाहिरातीत ‘करमुक्त’ या शब्दाआधी ‘भारतात’ हा शब्द त्याच आकाराच्या टायपात छापणे बंधनकारक करावे, अशी माझी विनंती आहे. आपल्या दैनिकाला तर त्यासाठी नियामकाची वाटही पाहावी लागणार नाही. जाहिरात स्वीकारतानाच ही अट घालता येईल.

— एक निवृत्त बँक अधिकारी,
कोथरूड, पुणे