२४ तारखेला चारनंतर चूल बंद: एका वहीबद्दल आभार

वसई, आगमनकाळाचा पहिला रविवार

प्रिय मावशी,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या नाताळच्या तयारीच्या वहीची झेरॉक्स वाडीतल्या घराघरांत पोचली, पण आभार मानायचे राहूनच गेले. आज सगळ्यांच्या वतीने ते मानतो आहोत. पत्र मुद्दाम उघडं ठेवलं आहे. वही ज्यांच्या हाती पडली नाही त्यांनाही यातलं काही कामाला येईल.

वहीच्या पहिल्या पानावर एकच ओळ आहे: ‘२४ तारखेला दुपारी चारनंतर चूल बंद.’ पुढची सगळी पानं त्या ओळीपासून मागे मोजत जातात. रात्रीच्या मिस्साला (चर्चमधल्या प्रार्थनेला) जायचं, तर संध्याकाळी आंघोळ, इस्त्री आणि तासभर पाठ टेकणं एवढंच उरायला हवं. काम दर वर्षी तेवढंच असतं. ते २२ ते २४ मध्ये कोंबलं की घरात आदळआपट सुरू होते. म्हणून टिकणारं आधी, नासणारं शेवटी आणि जे आपल्या हाताला जमत नाही ते विकत, असा तुमचा हिशोब.

आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारी एकेक पेटवायच्या चार मेणबत्त्यांना कामं वाटून द्यायची युक्ती तर फारच सोयीची. तारखा कुणाच्या लक्षात राहत नाहीत, रविवार राहतात. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान कुठेही येतो, त्यामुळे काही वर्षी हातात जवळपास चार आठवडे असतात आणि काही वर्षी तीनच. २०२३ मध्ये चौथा रविवार २४ डिसेंबरलाच आला होता. अशा वर्षी चौथ्या मेणबत्तीची कामं तिसऱ्या, म्हणजे गुलाबी मेणबत्तीच्या आठवड्यात उरकायची, ही तुमची समासातली टीप नसती तर निम्मी वाडी फसली असती.

आता केक. सुका मेवा पहिल्या रविवारच्या आत भिजायला हवा. तुमचं माप एका केकला ६०० ग्रॅमचं: मनुका २००, काळ्या मनुका १५०, बारीक चिरलेला खजूर १००, चेरी आणि टुटीफ्रुटी मिळून १००, साखरेत मुरवलेली संत्र्याची साल ५०. त्याला २५० मिली रम, काचेची कोरडी बरणी, आणि दोन दिवसांनी एकदा बरणी उलटीसुलटी करणं. वरचा मेवा कोरडा राहिला की बुरशी तिथूनच धरते. ज्यांच्या घरी दारू चालत नाही त्यांनी मेवा २०० मिली संत्र्याच्या रसात दहा मिनिटं मंद आचेवर शिजवून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचा. मात्र हा केक चार-पाच दिवसांतच संपवावा लागतो, म्हणून तो २१ तारखेच्या आधी भाजायचा नाही. रमवाला केक दुसऱ्या रविवारी भाजला तरी चालतो, उलट मुरून छान होतो.

बाकीचं साहित्य: लोणी, ब्राऊन शुगर आणि मैदा प्रत्येकी २५० ग्रॅम, चार अंडी, एक सपाट चमचा बेकिंग पावडर, दालचिनी-लवंग-जायफळाची पूड मिळून दीड चमचा. लोणी आणि अंडी दोन्ही फ्रीजबाहेर काढून दोन तास ठेवलेली हवीत. थंड अंडं लोण्यात पडलं की मिश्रण फाटतं. तसं झालंच तर मोजलेल्या मैद्यातला एक चमचा घालून फेटायचं, येतं ताळ्यावर. निथळलेल्या मेव्याला दोन चमचे मैदा चोळला नाही तर तो तळाला बसतो. उरलेली रम फेकायची नाही, पुढे केकला पाजायला लागते.

केकला रंग देणाऱ्या काळ्या साखरेच्या पाण्यात सगळ्यांचा हात थरथरतो. १०० ग्रॅम साखर कोरड्या जाड पातेल्यात मध्यम आचेवर वितळवायची. आधी सोनेरी, मग तांबूस, मग गडद कॉफीचा रंग येतो आणि कडेला बारीक फेस उठतो. सोनेरीवरच थांबलात तर केक फिका. काळा धूर सुटला तर कडू, तो पाक सरळ फेकून द्यायचा. गॅस बंद करून मग १०० मिली पाणी, तेही उकळतंच, हात लांब ठेवून घालायचं. गार पाणी घातलं की पाक अंगावर उडतो आणि उरलेल्याचा दगड होतो. पूर्ण निवल्यावरच तो मिश्रणात जातो.

नऊ इंची डब्याला दुहेरी कागद, १५० अंश, साधारण दोन तास. तासाभराने वर फॉइल टाकायची. वरून घुमट येऊन तडकला म्हणजे ओव्हन जास्त तापला होता. वाडीत बरेच जण अजून बेकरीच्या भट्टीत केक देतात. त्यांच्यासाठीही तुम्ही लिहिलंय: पाव निघाल्या निघाल्या डबा आत द्यायचा नाही, भट्टी निवू द्या असं सांगायचं, डब्यावर नावाचा पत्रा तारेने बांधायचा (कागदी चिठ्ठी जळते), आणि २० तारखेनंतर तिकडे फिरकायचंच नाही. गार केक बटर पेपर आणि फॉइलमध्ये गुंडाळून ठेवायचा, दर आठवड्याला त्यावर दोन चमचे रम.

तळणाचा आठवडा गुलाबी मेणबत्तीचा. कुलकुलला (काट्यावर वळून तळलेले गोड शंख) अर्धा किलो मैदा, १०० ग्रॅम बारीक रवा, १०० ग्रॅम पिठीसाखर, दोन चमचे गरम तूप, आणि घट्ट मळायला लागेल तेवढंच नारळाचं दूध. अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवलं नाही तर रवा फुगत नाही आणि काट्यावर वळताना कडा चिरतात. आच मध्यम. पिठात साखर असल्याने तेल जास्त तापलं की बाहेरून लगेच लाल होतात, आत कच्चे राहतात आणि डब्यात दोन दिवसांत मऊ पडतात. रोझ कुकीजचा साचा नवा असेल तर आदल्या रात्री तेलात बुडवून ठेवायचा. साचा गार असला तर पीठ धरत नाही, फार तापला तरी पीठ चर्र करून निसटतं. पिठात तो पाऊणच बुडवायचा. वरून पीठ चढलं की फूल साच्यातून सुटतच नाही. पहिली चार-पाच फुलं वाया जाणारच, ती पोरांची.

नेवऱ्यांचं (करंज्यांचं) सारण ओल्या नारळाचं असेल तर दोन दिवसांत वास मारतो. म्हणून शेजारी वाटायच्या नेवऱ्या सुक्या खोबऱ्याच्या: ६० नेवऱ्यांना भाजलेलं किसलेलं खोबरं ३०० ग्रॅम, भाजलेला रवा १५०, पिठीसाखर २००, खसखस आणि काजू मिळून ५०; पारीला अर्धा किलो मैदा. सारण पूर्ण गार, कडेला दुधाचं बोट, आणि आतली हवा दाबून काढायची. एक नेवरी फुटली की साखर तेलात जळते आणि पुढच्या सगळ्या नेवऱ्यांना काळे ठिपके लागतात. अशा वेळी तेल गाळल्याशिवाय पुढे जायचं नाही. ओल्या नारळाच्या हव्याच असतील तर घरापुरत्या वीस, २३ तारखेला.

दोदोल (नारळाच्या दुधाचा आणि गुळाचा हलवा) आणि बेबिंका (थरांचा गोड केक) विकत आणायची, हे तुम्ही जाड अक्षरात लिहिलंय. आमचं पूर्ण अनुमोदन. दोदोल तासाहून जास्त वेळ अखंड ढवळावा लागतो आणि बेबिंका थरागणिक वरून भाजावी लागते. गोव्याच्या बेबिंकाला २०२३ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं आहे. ज्यांचा त्यात हात बसलाय त्यांच्याकडूनच घ्यावी. ऑर्डर १० डिसेंबरच्या आत.

सर्वात जास्त आभार मात्र शेजाऱ्यांना वाटायच्या ताटांच्या पानाबद्दल. १५ ताटं धरून तुम्ही उलटा हिशोब मांडलाय: ताटाला चार नेवऱ्या, केकच्या दोन फोडी, मूठभर कुलकुल, दोन रोझ कुकीज. म्हणजे ६० नेवऱ्या, वर दिलेल्या मापाचा कुलकुलचा एक घाणा आणि वाटपाचा एक केक. घरचा केक वेगळा. एरवी घरोघरी अंदाजाने दुप्पट तळलं जायचं. आणि शाकाहारी शेजाऱ्यांचं ताट! केक आणि रोझ कुकीजमध्ये अंडं असतं, मार्झिपानात (काजू-बदामाच्या मिठाईत) बहुतेक घरी अंड्याचा पांढरा बलक पडतो. म्हणून त्या ताटात बिनअंड्याचे कुलकुल, नेवऱ्या, मिल्क क्रीम (दुधाची मिठाई) आणि दोदोल. तेही नव्या तेलात आधी तळून, वेगळ्या डब्यात, झाकणावर पट्टी लावून. रमचा केक कुणाकडे जाणार नाही याची यादी शेजारीच.

सोरपोटेल (डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण) २२ लाच शिजवायचं, कारण व्हिनेगर मुरायला दोन दिवस लागतात. २५ ला ते फक्त गरम करायचं असतं. दोन किलो डुकराचं मांस आधी २०-२५ मिनिटं उकडून पूर्ण गार करायचं आणि मगच बारीक चिरायचं, गरम चिरलं की भुगा होतो. कलेजी वेगळी परतून शेवटी, नाहीतर चिवट. ॲल्युमिनियमचं पातेलं नको, आंबटाने ते खातं. स्टील किंवा मातीचं. अख्खं मोठं पातेलं फ्रीजमध्ये सरकवलं तर मधला भाग तासन् तास कोमट राहतो आणि खराब होतो, म्हणून पसरट लहान डबे करायचे आणि वाढायच्या आधी खळखळून उकळी आणायची. मांसाची ऑर्डर १५ तारखेपर्यंत. सिलिंडरही तेव्हाच.

२५ ला सकाळी कढई चढते ती फक्त फुग्यांसाठी (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे). डिसेंबरच्या गारठ्यात पीठ फुगायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. बंद ओव्हनमध्ये उकळत्या पाण्याच्या भांड्याशेजारी ते ठेवायची सूचना रामबाण आहे.

येशूजन्माच्या देखाव्याच्या गोठ्याबद्दल थोडक्यात. गहू रात्रभर भिजवून १३ तारखेच्या आसपास उथळ ताटलीत पेरले की २४ पर्यंत चार-पाच इंच हिरवंगार गवत येतं. महिन्याच्या सुरुवातीलाच पेरलं तर पिवळं पडून आडवं होतं. पेंढा आणि दिव्यांची माळ यांच्यात वीतभर अंतर. माळ लावण्याआधी तासभर जमिनीवर पेटवून बघायची. दारावरच्या दिव्याच्या चांदणीच्या वायरचा जोड घराच्या आत घ्यायचा, कारण पहाटेचं दव टेपच्या आत शिरतं. साफसफाई फक्त पुढची खोली आणि स्वयंपाकघर. माळ्याकडे बघायचंसुद्धा नाही. कपड्यांचं माप नोव्हेंबरात, पुढे शिंपी दारात उभं करत नाहीत.

६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणानंतरचं पानही कामाचं. माळा पुठ्ठ्यावर गुंडाळायच्या, गोठ्यातल्या मूर्ती एकेक करून वर्तमानपत्रात, आणि काय उरलं, काय कमी पडलं ते त्याच दिवशी वहीत. वाडीतल्या वह्यांत त्या पानावर सगळ्यांची नोंद जवळपास सारखीच आहे: कुलकुल उरले, नेवऱ्या कमी पडल्या. यंदा नेवऱ्या ७५ धरतोय. सारणाचं माप सव्वापट केलं तर चालेल ना, की खोबरं तेवढंच ठेवून रवा वाढवायचा, तेवढं कळवा.

तुमच्या वहीवर नाताळ करणारी वाडीतली मंडळी